बाबा, ती ठेव मोडू नका

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे. बाबा, डिपॉझिटसाठी पोस्टातली ठेव मोडायचा विचार मनातून काढून टाका.

घर मिळालंय. म्युनिकच्या मोझाख भागात, तिसऱ्या मजल्यावर. हॉल आणि एक बेडरूम. मूळ भाडं १,१५० युरो, हीटिंग आणि पाणी धरून १,३८०. आकडा ऐकून तुमच्या पोटात गोळा येईल, पण जर्मनीतलं हे सगळ्यात महागडं शहर आहे आणि पगारातून ते भागतं. डिपॉझिट कायद्यानं मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही आणि तेही तीन मासिक हप्त्यांत देता येतं. पहिला हप्ता भरला, उरलेले दोन पगारातून जातील. घरमालकाला ती रक्कम स्वतःच्या पैशांपासून वेगळी, व्याजाच्या खात्यात ठेवावी लागते. दलाली शून्य. २०१५ पासून, ज्यानं एजंट बोलावला त्यानंच त्याचे पैसे द्यायचे असा नियम आहे.

शोधताना मात्र दमले. एका घरासाठी जिन्यापासून फुटपाथपर्यंत रांग, प्रत्येकाच्या हातात फाइल: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, नोकरीचा करार, आणि कर्ज-बिलं वेळेवर फेडल्याचा ‘शुफा’ नावाचा दाखला. नुकत्याच आलेल्या माणसाची तिथं नोंदच नसते, मग दाखवणार काय? बहुतेकांनी उत्तरही दिलं नाही. एकानं तर घर न दाखवताच पैसे मागितले, चावी कुरिअरनं पाठवतो म्हणे. अशांना एक पैसाही द्यायचा नाही, हे इथं नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. शेवटी ऑफिसमधली एक मैत्रीण हे घर सोडत होती, तिनं मालकीणबाईंकडे माझ्यासाठी शब्द टाकला.

आई, तुला आश्चर्य वाटेल, इथं पुष्कळ घरं स्वयंपाकघराशिवाय भाड्यानं देतात. म्हणजे खोली असते, पण ओटा, सिंक, शेगडी, कपाटं काही नाही. भिंतीतून नळाची तोटी आणि विजेचं कनेक्शन तेवढं बाहेर आलेलं. मैत्रिणीचं सामान मीच विकत घेतलं. शेगडी काचेची, विजेची. तू दिलेला खोलगट तवा तिच्यावर नीट बसत नाही, म्हणून सपाट बुडाचा घेतला. विस्तव नाही, त्यामुळे भाकरी तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवते. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, तेव्हा पाठवायची खटपट करू नकोस.

आता तुझा नेहमीचा प्रश्न: भाड्याच्या घरात किती दिवस? पुण्यात दर अकरा महिन्यांनी करार संपायचा आणि तू भांडी पोत्यात भरायचीस, ते मी विसरलेले नाही. इथल्या माझ्या करारावर शेवटची तारीखच नाही. मला घर सोडायला सांगायचं तर, मालकीणबाईंना स्वतःला किंवा घरच्यांना राहायला जागा हवी असेल, असं कायद्याला मान्य कारण लागतं, आणि तेव्हाही निदान तीन महिने आधी लेखी कळवावं लागतं. भाडं वाढवायलाही मर्यादा आहे, या शहरात तीन वर्षांत १५ टक्के. इथले निम्म्याहून जास्त लोक भाड्यानंच राहतात. समोरच्या आजी तरुणपणापासून याच इमारतीत भाडेकरू आहेत, आणि त्यांना कुणी ‘स्वतःचं कधी घेणार’ असं विचारत नाही. मला इथं सुरक्षित वाटतं, आई. माझ्यासाठी गावाकडची जमीन विकायचं तर बोलूच नका.

पत्र किंवा पार्सल पाठवलंत तर पाकिटावर आडनाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. इथं फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन बेलवरचं आणि पेटीवरचं आडनाव वाचून टाकतो.

आणि बाबा, त्या ठेवीतून आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या आत करून घ्या. डॉक्टरांची तारीख ठरली की कळवा, मी रजा टाकून येते.

तुमची लेक