आधी बॉनेटवर हात ठेव

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच आधी ठेवला, हे खरं. तू "ती जुनी टर्बो गाडी ठरल्यातच जमा आहे" म्हणालीस आणि माझ्या तोंडून "टर्बोच कशाला?" निघून गेलं. पुढचं तुला माहीत आहे. दादा म्हणतो, पत्रबित्र लिहू नकोस, ती दोन ओळी वाचून बाजूला ठेवेल. म्हणून कामाचं आधी लिहिते. रागवायचं राहिलंच तर शेवटी बघू.

रविवारी गाडी बघायला पोचल्याबरोबर, बोलणं सुरू होण्याआधी, बॉनेटवर तळहात ठेव. पत्रा गार लागला पाहिजे. कोमट लागला आणि "तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली" असं ऐकू आलं, तर गोड बोलून दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ माग. रात्रभर गार पडलेलं इंजिन जे सांगतं, ते तापलेलं कधी सांगत नाही. स्टार्टर मारताना सोबतच्या माणसाला सायलेन्सरमागे उभं कर. सुरू होताना निळा झोत येऊन लगेच थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हची सील्स कडक झालीत. वीस-बावीस वर्षांच्या गाडीत ते चालतं, किमतीतून कापायचं. इंजिन तापल्यावर पाच मिनिटं आयडलवर ठेवून मग रेस केलं आणि निळा ढग उठला, तर टर्बोवरही संशय घ्यायचा. पांढरा, गोडसर वासाचा, इंजिन तापूनही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट जळतंय. तिथून सरळ परत फिर.

सुरुवातीला टिक-टिक आवाज येतो आणि गाडी तापली की जातो, हे विक्रेता "टॅपेट आहे" म्हणून सांगेल. असेलही. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाला, चीर गेलेली असली किंवा त्याचा एखादा स्टड तुटलेला असला तरी असाच आवाज येतो, कारण लोखंड तापून फुगलं की फट मिटते. मॅनिफोल्डभोवती काजळीची रेघ आहे का, टॉर्च मारून बघ.

मग ऑइलचं झाकण उघड. आतून काळा डिंकासारखा थर असला तर पुढे बघायची फारशी गरज नाही. तुला हे लहानपणी सांगितलंय, तरी परत सांगते. टर्बो म्हणजे धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा. त्याचा शाफ्ट मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तो तरंगतो फक्त ऑइलच्या पातळ थरावर. पेट्रोल गाडीत त्याच्या एका टोकाला 900 अंशांच्या आसपास तापलेला धूर आदळत असतो. जोरात पळवून आणून तशीच चावी फिरवली की ऑइल जागच्या जागी थांबतं, करपतं, त्याचा कोळसा होतो आणि तोच कोळसा बारीक पाइप बुजवतो. नंतरच्या टर्बोंना पाण्याचा वेढा असतो, ते थोडं सहन करतात. जुने, नुसत्या ऑइलवर गार होणारे टर्बो करत नाहीत. म्हणून "सर्व्हिस वेळेवर झाली आहे" या वाक्याला किंमत शून्य. बिलं माग, बिलांवरचे किलोमीटर बघ, दोन बिलांमधलं अंतर मोज.

टर्बोची गाडी मालकाच्या सवयीवर जगते, हे पहिल्यापासूनच आहे. 1962 च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये इंजिन ठोकू नये, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकू नये, म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागायचं. लोक ते भरायला विसरायचे. शेवटी कित्येक गाड्यांचे टर्बो काढून कंपनीलाच साधे कार्ब्युरेटर बसवून द्यावे लागले.

ब्रेकचं खाली लिहिणार होते, पण आत्ताच लिहून टाकते, नाहीतर मन लागणार नाही. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाब, म्हणजे ते कडक होईल. तसंच दाबून धरून इंजिन चालू कर. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, गेलाय किंवा त्याला व्हॅक्यूम मिळत नाही. बस, एवढंच. बाकी खाली.

टर्बो बघायला एअर फिल्टरकडून येणारा होज काढायची परवानगी माग, इंजिन बंद आणि गार असताना. दहा मिनिटांचं काम आहे. जो "उघडू नका" म्हणतो त्याची गाडी घेऊ नये. आतल्या चाकाचं नाक चिमटीत धर. आडवं हलवलंस तर अगदी थोडं हलेल, ते ठीक, कारण ऑइलचा दाब नसताना तेवढी जागा असतेच. मात्र पाती बाहेरच्या भिंतीला टेकता कामा नयेत. शाफ्टच्या दिशेने पुढेमागे ओढून बघ. त्या बाजूचा प्ले बोटाला जाणवला तर टर्बो गेल्यातच जमा धर. पात्यांच्या कडा नखाने चाचप. चावल्यासारख्या खाचा असल्या तर कधीतरी फिल्टरशिवाय गाडी चालवली आहे. होजमध्ये ऑइलचा ओशटपणा असतोच, त्याला घाबरू नकोस. इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या, खालच्या पाइपात ऑइल साचलेलं असेल तर मात्र प्रश्न विचार.

आणि छेडछाड. मॅनिफोल्डजवळचा एखादा क्लॅम्प नवाकोरा आणि बाकीचे गंजलेले, व्हॅक्यूमच्या नळीत मध्येच टी-जोड, कंट्रोल युनिटजवळ सोलून परत टेप मारलेल्या वायरी, हे दिसलं की कुणीतरी बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, वाढवला होता आणि विकायच्या आधी सगळं मूळपदावर आणलंय. बूस्ट वाढवून पेट्रोल तेवढंच राहिलं की इंजिन ठोकतं आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या भिंती तुटतात. एक प्लग काढून पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चकचकीत किंवा काळे ठिपके आहेत का बघ. ते ठिपके म्हणजे पिस्टनचाच चुरा असू शकतो.

गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर घेऊन जा. इनटेक मॅनिफोल्डचा, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांचा, दाब इंजिन बंद असताना हवेइतका, म्हणजे समुद्रसपाटीला 100 किलोपास्कलच्या आसपास दाखवेल, आयडलवर 30 ते 40. चालवताना तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिलास की कंपनीने ठरवलेल्या आकड्यापर्यंत तो चढून तिथेच टिकला पाहिजे. 0.7 बार बूस्टची गाडी असेल तर साधारण 170. तिथवर पोचत नसेल तर होज फाटलाय, वेस्टगेट, म्हणजे जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, नीट बंद होत नाहीये किंवा टर्बो थकलाय. 200 दाखवत असेल तर वरचा परिच्छेद परत वाच. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने इंधनात केलेली कायमची दुरुस्ती, अधिक दहा टक्क्यांपलीकडे असेल तर कुठेतरी हवा गळतेय किंवा इंधन कमी पडतंय. एकही फॉल्ट कोड नाही आणि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या, मात्र अपुरे, याचा अर्थ कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.

क्लच बघायला चौथा गिअर, दोन हजार फेरे आणि पाय खालपर्यंत. काटा चढतोय आणि वेग नाही, म्हणजे क्लच घसरतोय. मोकळा रस्ता बघून कर. सोबत माणूस असू दे. आणि रात्री नाही, सई. मुळीच रात्री नाही. दादाच्या पायाचं तू विसरली नसशील.

हे लिहायचं नव्हतं. खोडत नाही, तसंच राहू दे.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, मात्र करूनच घे. इंजिन तापलेलं, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि स्पार्क बंद, थ्रॉटल पूर्ण उघडं. आकडे कमी दिसले म्हणून दचकू नकोस, जुन्या टर्बो पेट्रोल इंजिनचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं असतं. चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवेत, हे महत्त्वाचं. एखादा मागे असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायला सांग. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. गंज, लांबी भरलेला पत्रा, टायरवरची तारीख, चेसिस नंबर कागदांशी जुळतो का, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यावर लिहीत नाही.

आता भाव. त्याच मॉडेलच्या, बिलं असलेल्या चांगल्या गाडीचा भाव शंभर धर. टायमिंग बेल्टचं बिल नाही, म्हणजे बेल्ट बदललेलाच नाही असं समज. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि मजुरी मिळून समजा सात वजा. टायर वय झालेले, पाच वजा. क्लच नऊ. टर्बो करायचा असेल तर नुसत्या टर्बोचा भाव धरू नकोस. ऑइलचा नवा फीड पाइप, गॅस्केट, इंटरकूलर धुणं, ऑइल, फिल्टर सगळं मिळून वीस. जुना फीड पाइप ठेवून नवा टर्बो बसवला तर तोही त्याच कोळशाने मरतो. हे आकडे उदाहरणाचे आहेत, खरे तू भाग आणि मजुरीची चौकशी करून लिही. उरलेल्यातून आणखी पंधरा-वीस न दिसलेल्या दुखण्यांसाठी बाजूला ठेव. ते विक्रेत्याला सांगायचे नाहीत, तुझ्याजवळ ठेवायचे. मोठी चाकं, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, गेज यांचे पैसे द्यायचे नाहीत. घरून निघतानाच वरची मर्यादा कागदावर लिही. गाडी चालवून उतरल्यावर कुणाचंही गणित बरोबर येत नाही, तुझंही येणार नाही, माझंही येत नाही.

उपदेश फार झाला, माफ कर. दहा-अकराचा पाना मागितला की तू हटकून बारा-तेराचा द्यायचीस आणि वर "हाच बसेल" म्हणायचीस. एकदा बसलाही होता. पुढचे चार दिवस तू दादाला ते ऐकवत होतीस. गाडी घेऊ नकोस असं मी म्हणत नाहीये. या वयाची टर्बो बघायला निघालेल्या आपल्याकडच्या कुणाला कॉम्प्रेशनची भाषा येते, सांग बरं? मीच शिकवलीय आणि मीच भिते आहे.

ब्रेकचं राहिलेलं. जुन्या टर्बो पेट्रोल गाडीत बूस्टरला व्हॅक्यूम बहुधा इनटेक मॅनिफोल्डमधूनच मिळतो. पण बूस्ट आला की त्याच मॅनिफोल्डमध्ये उलटा दाब असतो. तो बूस्टरमध्ये शिरू नये म्हणून मधल्या नळीत एक छोटा एकेरी व्हॉल्व्ह असतो, अंगठ्याएवढा, प्लास्टिकचा. साध्या गाडीत तो गेला तरी कित्येक दिवस कळत नाही. टर्बोत कळतं, आणि कळतं ते जोरात पळवून पाय ब्रेकवर ठेवल्यावरच, पेडल दगड झाल्यावर. इंजिन चालवून बंद कर, पाच मिनिटं थांब, मग पेडल दाब. पहिली एक-दोन दाबणी मऊ लागली पाहिजेत. नळी काढून तोंडाने फुंकून बघ, एकाच बाजूने हवा जायला हवी. गाडी घेतलीस तर पहिल्याच आठवड्यात तो व्हॉल्व्ह, रबरी ब्रेक होज आणि ब्रेक फ्लुइड, तिन्ही नवं. पास झालं तरी नवं.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारताहेत, रंग कोणता. मी सांगितलं नाही. त्यांना तूच फोन कर, शनिवारी, मी गॅरेजमध्ये असेन तेव्हा. आणि रविवारी बॉनेट गार निघालं की मला एवढंच कळव, "गार".