नदीकाठचं रान खरवडू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

पंचगंगेच्या काठावरचं 'माजलेलं रान' जेसीबीनं साफ करून तिथं लॉन आणि शोभेची रोपं लावायची बातमी परवा वाचली, अजिबात पटली नाही. 2019 आणि 2021 ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं (धोका पातळी 43), पाणी ओसरल्यावर आमच्या बाजूला ढोपरभर गाळ, त्यातनं आधी लव्हाळा वर आला, मग एरंड, आणि मोडून आडव्या पडलेल्या वाळुंजाला बुंध्यातनंच धुमारे फुटले, आज काठ धरून ठेवलाय तो त्याच मुळांनी. अमेरिकेत 1980 ला सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला तेव्हा राखेच्या माळावर सुरुवातीलाच आलं ते ल्युपिन, आपल्या शेंगवर्गातलंच, त्यानं मातीत नायट्रोजन धरला आणि मागनं येणाऱ्यांची सोय झाली. आपण मात्र दरवेळी खरवडून त्या रानाला परत पहिलीत बसवतो. घाणेरी काढा की, ती बाहेरची, पण विळ्या-कुदळीनं. वाळुंज, उंबर, करंज यांना हात लावू नका. आणि लॉनचं म्हणाल तर ते पुढच्या जुलैत पहिल्याच पाण्याबरोबर जाईल, वर ट्रॉलीभर माती घेऊन.

— एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर