सरासरी वेग शिकवणाऱ्या ताईला जाहीर थँक्यू

ताई,

पर्सनल मेसेज केला असता तर तू "अरे त्यात काय" म्हणून विषय संपवला असतास, म्हणून मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. शिवाय ती जाताना एक वेग येताना दुसरा वेग वाली गणितं खूप जणांच्या डोक्याला ताप देतात, त्यांच्या पण कामाला येईल.

सूत्र मला पाठ होतं. दोन वेगांचा गुणाकार, त्याची दुप्पट, भागिले दोघांची बेरीज. जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०, सूत्रात टाका, ४८ येतं, पुढचं गणित घ्या. पण ५० का नाही, ४८ च का, हे कोणी विचारलं तर माझ्याकडे सांगायला काही नव्हतं आणि क्लासमध्ये पण कोणी सांगितलं नाही, "पेपरला एवढंच लागतं" म्हणून पुढे सरकले. तू मात्र वेग हा शब्दच बाजूला ठेवायला लावलास. ताशी ६० म्हणजे एक किलोमीटरला किती वेळ? १ मिनिट. ताशी ४० म्हणजे? दीड मिनिट. आता अंतर दोन्हीकडे सारखंच आहे ना, मग कर या मिनिटांची सरासरी, सव्वा मिनिट, आणि ६० भागिले सव्वा म्हणजे ४८. बास. सूत्र वगैरे काही नाही, हे एवढंच आहे त्या सूत्राच्या पोटात.

मला खरं तर यातलं सगळ्यात भारी हे वाटलं की कारण डोळ्यांना दिसतं, हळू जाताना रस्त्यावर जास्त वेळ काढावा लागतो म्हणून सरासरी त्या हळू वेगाकडे ओढली जाते आणि ५० च्या खाली येते. पेपर काढणारे ५० चा ऑप्शन न चुकता ठेवतात ते उगाच नाही.

मग तू तीन वेगांचं दिलंस, तीन सारखे टप्पे, ३०, ४०, ६०. इथे लोक काय करतात तर दोन वेगांचं सूत्र आधी ३० आणि ४० ला लावतात, आलेल्या उत्तराला आणि ६० ला परत तेच लावतात, आणि उत्तर ४३ च्या पुढे जातं. तुझ्या पद्धतीने २ मिनिटं, दीड मिनिट, १ मिनिट, एकूण साडेचार, भागिले ३, परत दीड, म्हणजे ताशी ४०. आणि टप्पे सारखे नसले तरी अडत नाही, एक तृतीयांश अंतर ६० ने आणि उरलेलं ३० ने असेल तर सरळ तीन किलोमीटरचा प्रवास धरायचा, १ अधिक २ अधिक २, पाच मिनिटांत तीन किलोमीटर, ताशी ३६. तोंडी होतं हे!

"अर्धं अंतर" आणि "अर्धा वेळ" या शब्दांखाली रेघ मारायची सवय पण तूच लावलीस. अर्धा वेळ ४० ने आणि अर्धा वेळ ६० ने गेला तर उत्तर खरंच ५०, साधी सरासरी, कारण वेळच सारखा वाटलाय. प्रश्न तोच दिसतो, एक शब्द बदलतो आणि उत्तर बदलतं. थांब्यांचं गणित तर तू एका वाक्यात संपवलंस, न थांबता ताशी ५४, थांबे धरून ताशी ४५, तर गाडी तासाला किती मिनिटं उभी राहते, तर ४५ किलोमीटर जायला ५४ च्या वेगाने ५० मिनिटं लागतात, राहिली १० मिनिटं, तेवढी उभी.

पण खरी मजा त्या अशक्य गणिताची. अर्धं अंतर ताशी ३० ने झालंय, पूर्ण प्रवासाची सरासरी ६० हवी, तर उरलेलं किती वेगाने? तोंडातून ९० येतंच. तू म्हणालीस, मिनिटं मोज. सरासरी ६० म्हणजे किलोमीटरला १ मिनिट, दोन किलोमीटरला २ मिनिटं, आणि ती दोन्ही मिनिटं पहिल्याच किलोमीटरला उडालीत. आता रॉकेट लावलं तरी नाही. असलंच गणित मॅक्स वर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने आइन्स्टाईनला पत्रातून घातलं होतं, जुनी खटारा गाडी, एक मैल चढ ताशी १५ मैलांनी, मग एक मैल उतार, सरासरी ३० यायला उतारावर वेग किती हवा, आणि आइन्स्टाईनने कळवलं की आकडेमोड केल्यावरच लक्षात आलं की उतारासाठी वेळच उरत नाही. हे वाचल्यापासून माझा गणिताशी असलेला राग जरा कमी झालाय.

आता मी ऑप्शन बघतानाच अर्धे उडवतो. अंतरं सारखी असतील तर सरासरी कमी वेगाच्या दुप्पट कधीच होत नाही, दुसरा वेग कितीही असू दे.

काल नावेचं गणित पण याच पद्धतीने केलं, ते तू शिकवलं नव्हतंस. संथ पाण्यात नाव ताशी १०, प्रवाह ताशी २, म्हणजे जाताना १२ येताना ८, किलोमीटरला ५ मिनिटं आणि साडेसात मिनिटं, सरासरी सव्वासहा, म्हणजे ताशी ९.६. प्रवाह जाताना मदत करतो येताना अडवतो म्हणून फिट्टंफाट होईल असं वाटतं पण तसं होत नाही, कारण अडवतो तो जास्त वेळ अडवतो. प्रवाह ५ केला तर थेट ७.५ वर येतं. आणि प्रवाह पण १० केला तर नाव परतच येत नाही, मग सरासरी कसली काढता!

खूप खूप थँक्यू ताई. पुढच्या वेळी ट्रेन आणि प्लॅटफॉर्मची गणितं घेऊन येतोय, वेळ काढून ठेव.

तुझाच,
डोकं खाणारा विद्यार्थी