शिफ्टिंगच्या वेळी पेटी भंगारात देऊ नका, आणि नोटेशनच्या वह्या पण

मा. संपादक,
स.न.

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, कोपरी इथल्या जुन्या बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला जातायत त्याबद्दल पेपरात सारखं वाचायला मिळतं, भाडं किती, कार्पेट एरिया किती, पार्किंग कुठे. ते महत्त्वाचं आहेच. पण घर रिकामं करताना लोक काय काय टाकून देतात त्यावर कोणी काही लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी ऐरोलीला राहते, पेटी म्हणजे हार्मोनियम शिकवते आणि जमेल तशी जुन्या पेट्यांची दुरुस्तीपण करते. माळ्यावरची पेटी, जिच्यावर त्या घरात भजनं झाली, कोणाची तरी संगीताची प्रवेशिका, मध्यमा परीक्षा झाली, ती कित्येक वर्षांत उघडली नाही आणि नव्या फ्लॅटला माळा नाही एवढ्यावरून भंगारवाल्याकडे जाते. आणि तो ती वाद्य म्हणून घेतच नाही हो, तो आतले पितळेचे सूर उचकटून काढतो आणि पितळेच्या भावाने वजनावर देतो, उरलेलं लाकूड जाळायला. हे मी डोळ्याने बघितलंय आणि मला ते बघवत नाही.

बंद पडलेली पेटी म्हणजे संपलेली पेटी असा आपल्याकडे समज आहे, तो साफ चुकीचा आहे. पेटीत आधी जातं ते चामडं, कापड, स्प्रिंगा, भात्याच्या घड्या. सूर सहसा जात नाहीत. सूर म्हणजे काय तर धातूची एक पातळ जीभ, एका टोकाला रिव्हेटने पक्की, दुसरं टोक मोकळं, खाली तिच्याच मापाची फट, हवा गेली की ती फटीतून वरखाली थरथरते आणि आवाज येतो. ही जीभ पिढ्यान् पिढ्या टिकते. सूर उतरला असेल तर टोकाकडे अगदी हलक्या हाताने खरवडला की चढतो, चढला असेल तर मुळाकडे खरवडायचा की उतरतो, पण दर वेळी थोडंसंच, कारण काढलेलं पितळ परत लावता येत नाही. भाता गळतो का ते बघायचं तर भाता भरा, एकही पट्टी दाबू नका आणि किती वेळ फुगलेला राहतो ते बघा. लगेच बसला तर कुठेतरी घडीत किंवा चामड्यात गळती आहे, ती सापडते आणि बुजवता येते.

मी लिहायला बसले त्याला कारण मात्र पेटी नाही, पेटीचंच लांबचं भावंड आहे. कोपरीतल्या एका घरात शिफ्टिंग चालू होतं, त्यांचे आजोबा बोटीवर नोकरीला होते, त्यांच्या सामानात एक सहा कोपऱ्यांचा चामडी डबा निघाला, मुलांचं जुनं खेळणं समजून तो रद्दीच्या ढिगावर ठेवलेला. आत कॉन्सर्टिना होती. दोन्ही तळहातांत धरता येईल एवढी, सहा-सव्वासहा इंच रुंद, दोन्ही बाजूला नक्षीची लाकडी झाकणं आणि मध्ये भाता, हाडाची बारीक गोल बटणं, एका बाजूला 24 आणि दुसऱ्या बाजूला 24. घरच्यांना ती नको होती, तिथल्या बाई मला म्हणाल्या, ताई घेऊन जा, वाजली तर आम्हाला ऐकवा.

बारावी सायन्सला ज्याच्या नावाचा व्हीटस्टन ब्रिज शिकतो ना, त्याच चार्ल्स व्हीटस्टनचं हे वाद्य, लंडनमध्ये 1829 साली त्याने जे पेटंट घेतलं तिथून ह्याची सुरुवात. पाचच वर्षांनी जर्मनीत केम्निट्झला कार्ल उलिग ह्याने स्वतःची वेगळी कॉन्सर्टिना काढली. दोघींत फरक मोठा आहे. उलिगच्या जातीत भाता दाबला की एक सूर आणि ओढला की त्याच बटणाचा दुसरा सूर, माऊथ ऑर्गनमध्ये फुंकताना नि ओढताना होतं तसं. आयर्लंडमध्ये ह्याच जातीची पुढची आवृत्ती, अँग्लो म्हणतात ती, नाचाच्या धुनांना वाजवतात. व्हीटस्टनच्या इंग्लिश जातीत दाबा नाहीतर ओढा, बटणाला सूर तोच. आपलं गाणं वाजवायचं तर ही दुसरी जात सोपी, मला मिळाली तीही हीच.

सगळ्यात जास्त रमले ते बटणांच्या मांडणीत. ह्यात सूर एक डावीकडे, पुढचा उजवीकडे, परत डावीकडे, असे वाटलेले आहेत. म्हणजे सा डाव्या हाताला, रे उजव्या, ग डाव्या, म उजव्या. साधी सरगम वाजवली तरी दोन्ही हात आलटून पालटून चालतात. आणि एक सूर सोडून पुढचा घेतलात तर तो त्याच हाताला, सा ग प सगळे एकाच बाजूला, म्हणून साग रेम गप मध हा पलटा, म्हणजे सुरांचा ठरावीक क्रम, घ्यायला गेलं की दोन सूर ह्या हाताचे, दोन त्या हाताचे, अशी एक वेगळीच लय बोटांत येते. सात सूर विषम म्हणून तार सप्तकात बाजू उलटते, मध्य सा डावीकडे आणि तार सा उजवीकडे. पहिले काही दिवस डोकं चक्रावतं पण एकदा हाताला कळलं की भूप, दुर्गा अशा पाच सुरांच्या रागात मजा येते. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही, ती पेटीतही निघत नाही. पण भात्यावर दोन्ही हातांचा ताबा असल्यामुळे एकच सूर बारीक करत न्यायचा, परत भरायचा, हे इतकं छान जमतं की पेटीवाल्यांनी एकदा तरी हातात घ्यावी.

अजून एक गोष्ट पेटीवाल्यांना नक्की आवडेल. एका सप्तकात बारा सूर, पण ह्या कॉन्सर्टिनात सप्तकाला बटणं चौदा. सफेद एक ला, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला, सा धरला तर कोमल गंधाराला दोन बटणं आणि कोमल धैवताला दोन. सुरुवातीच्या वाद्यांत ह्या जोड्यांचे सूर मुद्दाम वेगळे लावलेले असत, एक जरा खाली एक जरा वर, कारण तेव्हाचं ट्युनिंग आजच्यासारखं सारखं वाटलेलं नव्हतं. पुढे सगळं सम ट्युनिंगमध्ये, म्हणजे बारा सुरांत सारख्या अंतराच्या मांडणीत, आलं आणि दोन्ही बटणं एकच सूर बोलायला लागली, माझ्याकडच्या वाद्यातही आता तसंच आहे. आपल्याकडे पेटीला रेडिओवर 1940 पासून 1971 पर्यंत बंदी होती, कारण काय तर मींड नाही, बारा पट्ट्यांत श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक भेद, बसत नाहीत. आणि इथे शंभर वर्षं आधी कोणीतरी एका सुराला दोन बटणं देऊन ठेवली होती. मला फार वाटतं की कोणीतरी जाणकाराने एक कॉन्सर्टिना ह्या दृष्टीने लावून बघावी, दरबारी रागाचा कोमल गंधार एका बटणावर आणि बाकीच्या रागांचा दुसऱ्यावर.

दुरुस्तीचं सांगते कारण आपल्या हवेत हे माहीत असलेलं बरं. दोन्ही झाकणांना सहा सहा लांब बोल्ट असतात, कुठला कुठून काढला ते लिहून ठेवायचं आणि तिथेच परत लावायचा. आत सूर गोलाकार मांडलेले, चाकाच्या आऱ्यांसारखे, प्रत्येक बटणाला दोन, एक दाबतानाचा एक ओढतानाचा, म्हणजे 48 बटणांना 96 सूर. प्रत्येक सूर पितळेच्या छोट्या पट्टीवर बसवलेला आणि ती पट्टी लाकडात कोरलेल्या खाचेत सरकवून बसवलेली, ना स्क्रू ना गोंद. पावसाळ्यात इथलं लाकूड फुगतं, खाच पट्टीला दोन्ही बाजूंनी आवळते आणि जीभ फटीला घासते, सूर खरखरतो किंवा बोलतच नाही. जुलैत माझा एक पंचम असाच गप्प झाला, ती पट्टी केसभर मागे ओढली आणि पहिल्याच दाबाला स्वच्छ बोलला, कानस नाही, काही नाही. कोरड्या दिवसांत उलटं होतं, पट्टी सैल पडते. म्हणून पावसाळ्यात सूर बिघडला की लगेच खरवडायला घेऊ नका, आधी नुसती जागा बघा. जिभेखाली धुळीचा तंतू अडकला असेल तर पातळ कागदाची कड आत फिरवली की निघतो. तेल अजिबात लावायचं नाही. पोलादी सूर असतील तर गंजतात, ते आधी बघायचं. जुनं काम सरसाने, म्हणजे जनावरांच्या हाडा-चामड्याच्या गोंदाने, चिकटवलेलं असतं, ते ओलसर उबेने उघडता येतं, तिथे पांढरा गोंद फासला तर पुढच्या माणसाला ते उघडताच येत नाही. आणि उन्हात वाळवू नका, लाकूड तडकतं.

भात्याची गळती बघायची पद्धत सोपी. कॉन्सर्टिना एका बाजूच्या पट्ट्याने वर धरायची, बटण न दाबता दुसरी बाजू खाली किती वेगाने उतरते ते बघायचं. माझी आली तेव्हा धप्पकन खाली आली होती. कोपऱ्याच्या घड्यांना आतून पातळ चामडं लावलं, बटणांखालचे पॅड बदलले, आकसलेल्या चामड्याच्या झडपा नव्या कापल्या. आता सावकाश उतरते. कोपरीच्या घरी जाऊन वाजवून दाखवली तेव्हा घरातल्या आजींनी पूर्ण वेळ हातातलं काम खाली ठेवलं होतं.

आता वह्यांचं. वाद्य एकवेळ वाचवता येतं पण वाजवायचं काय? कॉन्सर्टिनासाठी आपल्या चीजा, म्हणजे रागातल्या बंदिशी, कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत, मी पेटीच्या नोटेशनवरून बटणांवर बसवते, आणि जुनं पेटीचं नोटेशन घराघरातल्या वह्यांत आहे, छापलेल्या पुस्तकांत नाही तेवढं वह्यांत आहे. नाट्यपदांचे मुखडे, मधल्या भरण्याच्या जागा, साथ कशी करायची, अभंगांच्या मंडळागणिक वेगळ्या चाली. शिफ्टिंगमध्ये पेटीच्या आधी ह्याच वह्या रद्दीत जातात. आणि ज्यांच्याकडे नीट ठेवलेल्या आहेत त्यातले काही जण दाखवायलाच तयार नसतात. एका ठिकाणी मी फक्त एक पान उतरवून घेऊ का विचारलं तर आमची वही बाहेर जात नाही म्हणून कपाट बंद केलं. मला ते फार लागलं. तुमच्या गुरूने तुम्हाला दिलं म्हणून ते तुमच्यापर्यंत आलं ना, मग ते पुढे कसं जाणार?

कोणी म्हणतं कॉपीराइट आहे. आपल्या कायद्यात कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. गोविंदराव टेंबे, जे स्वतः पेटीचे केवढे मोठे वादक, ते 1955 ला गेले, म्हणजे 1911 च्या मानापमान नाटकातल्या त्यांच्या चाली 2016 पासून सगळ्यांच्या आहेत, आणि शब्द नाटककार खाडिलकरांचे, ते 1948 ला गेले, ते तर त्याआधीच मोकळे झाले. गायक आणि चाली देणारे भास्करबुवा बखले ह्यांचंही तसंच. मास्टर कृष्णरावांच्या चालींना मात्र अजून हक्क आहे, ते 1974 ला गेले, तिथे परवानगीशिवाय वाटप नको, हे मी ठामपणे सांगते. पण जे मोकळं आहे ते तरी मोकळेपणाने द्यायला काय हरकत आहे?

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून चालू आहे. माझी मनापासून विनंती आहे की तिथे आणि नवी मुंबईतल्या वाचनालयांत नोटेशनच्या वह्यांसाठी एक कपाट ठेवावं, मूळ वही मालकाला परत, झेरॉक्स कपाटात, आणि ज्याला पाहिजे त्याला तिथे बसून उतरवून घेता यावं. मी माझ्या वह्यांच्या झेरॉक्स पहिल्या द्यायला तयार आहे, कॉन्सर्टिनावर बसवलेल्या भूपच्या पानांसकट.

वही देणाऱ्यांनी फक्त एवढं करावं, पहिल्या पानावर लिहावं की नोटेशन भातखंडे पद्धतीचं आहे की पलुस्कर पद्धतीचं, कारण खुणा वेगळ्या आहेत, भातखंड्यांत कोमलाला सुराखाली आडवी रेघ असते, ते माहीत नसेल तर शिकणारा भलताच सूर धरतो. पट्टी कुठली, काळी चार की सफेद एक, ताल कुठला आणि सम कुठल्या अक्षरावर, तेही पाहिजे. चाल कोणाकडून आली ते माहीत असेल तर त्यांचं नाव जरूर लिहा.

आपली,
पेटी शिकवणारी एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई