पुलावरून वाचता येईल असं लिही

पोरी,

तू पाठवलेले त्या रॉबर्ट मॉन्टगोमरीचे फोटो दुकानात निवांत बघितले, मग नेटवर अजून शोधत बसलो. माणूस १९७२ चा, स्कॉटलंडचा, आणि करतो काय तर स्वतःच्या कवितेची एलईडीची अक्षरं बनवतो, सोलरवर चालणारी. काही कविता तर लाकडात करून पेटवूनच देतो, आमच्या बोर्डाच्या धंद्यात असं केलं तर गिऱ्हाईक आम्हाला पेटवेल. लंडनमध्ये जाहिरातीच्या होर्डिंगवर कविता चिकटवायचा, ते बघायला भारी वाटतं पण त्या होर्डिंगचं भाडं कुणीतरी भरलेलं असतं गं.

मला खरं पटलं ते कोचीचं काम. २०१२ ला तिथं पहिलं बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, झालं तेव्हा फोर्ट कोचीत ॲस्पिनवॉल हाऊसवर समुद्राकडे तोंड करून अक्षरं लावली, आणि कवितेत पण बोट किनाऱ्याला लागतीय. वाचणारा कुठून येणार ते बघून लिहिलंय, बोर्डवाल्याला हे लगेच कळतं.

आता तुझं. सांगलीत कृष्णेच्या सरकारी घाटाकडं आयर्विन पुलावरून दिसेल असं मराठीत करायचं म्हणतेस, कर की. पण पुलावरून माणूस गाडीवर जातो, चार-पाच शब्दांवर वाचणार नाही, आणि अक्षर दोन फुटाच्या खाली नकोच. वर वेलांटी-रफार, खाली उकार, ह्याला जागा सोड, नाहीतर दोन ओळी एकमेकीत घुसतात. निऑन फ्लेक्स, म्हणजे ती एलईडीची वाकणारी पट्टी, तिच्या कापायच्या खुणा ठरलेल्या असतात, खुण सोडून कापलंस की तेवढा तुकडा बंदच, म्हणून 'क्ष' नि 'ज्ञ' आधी कागदावर फुल साईज काढून त्यावर पट्टी फिरवून बघ. कॉम्प्युटरवर सगळंच बसतं.

आणि नदी विसरू नको. धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलेलं. एसएमपीएस, म्हणजे एलईडीला करंट देणारा डबा, जेवढा वर नेता येईल तेवढा ने, फ्रेमला वेल्डिंग नको नटबोल्टच मार, पावसाळ्याआधी खोलून आणता आली पाहिजे. महापालिकेची परवानगी तू काढायची, मी चकरा मारणार नाही.

वाक्य फायनल झालं की पाठव. मटेरियलचा इंचाचा रेट तुलाही तोच, मजुरी तेवढी सोडतो.

बाबा