बाल्कनीचं दार

प्रिय मनू,

काल रात्री फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. आई म्हणाली झोपा आता, मुलं मोठी झालीत. झोप काही आली नाही म्हणून लिहायला घेतलंय. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तू मध्येच बोलतेस, मग मी चिडतो आणि जे सांगायचं असतं ते राहूनच जातं.

निखिलने, तुझ्या भावाने, परत सिगरेट ओढली हे ऐकून वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. सात आठवडे काढले होते पोराने. पण त्याच्यापेक्षा मला तुझं एक वाक्य जास्त लागलंय. तू म्हणालीस, मी नुसती त्याच्या शेजारी उभी होते बाबा, त्याला एकटं वाटू नये म्हणून. रात्री साडेबाराला, बाल्कनीत, तो ओढतोय आणि तू शेजारी. तू स्वतः सिगरेट सोडलीस त्याला चौदा महिने झाले. तू दिवस मोजणं कधीच बंद केलंस ते मला माहितीये, मी अजून मोजतो.

या विषयावर पत्रात एकदाच बोलायचं असं ठरवून बसलोय. झालं बोलून. आता निखिलचं.

तू त्याचं पाकीट त्याच्यासमोर कचऱ्यात टाकलंस आणि "सात आठवडे फुकट घालवलेस" म्हणालीस. तुझा राग कळतो मला, तू त्याच्यासाठी किती केलंस तेही माहितीये. पण फुकट नाही गेले गं ते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट असतात, डोकं जड, झोप नाही, समोरच्याचं साधं बोलणंसुद्धा टोचतं, आणि हे सगळं ओसरायला तीन-चार आठवडे जातात. तो त्यातून एकदा पार झालाय. ज्याने ते काढलंय त्याला शरीर काय काय मागतं आणि ते मागणं कसं थांबतं हे आता माहितीये, पहिल्यांदा सोडणाऱ्याला ते माहिती नसतं. मी खऱ्या अर्थाने चौथ्या वेळी सोडली आणि आधीच्या तीन वेळा नसत्या तर चौथी झालीच नसती.

आणि परत ओढणं म्हणजे परत सुरू होणं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे एक अंतर असतं, कधी एका दिवसाचं, कधी आठवड्याचं, आणि त्या अंतरात माणूस स्वतःला काय सांगतो त्यावर सगळं ठरतं. आता गेलंच आहे तर जाऊ दे, सोमवारपासून बघू, असं म्हटलं की संपलं. तुझ्या त्या "फुकट"ने त्याच्या मनातल्या याच वाक्याला बळ मिळतं. म्हणून म्हणतोय. तुला बोल लावत नाहीये. (लावतोय थोडा. माफ कर.)

त्याला "का ओढलीस" असं विचारू नकोस. याला उत्तर नसतं आणि विचारलं की माणूस खोटं बोलायला लागतो, हे मी स्वतः केलंय. विचार की त्या दिवशी काय काय झालं होतं, सकाळपासून सांग. किती वाजता उठला, जेवला का, कोणाशी वाजलं, कोण भेटलं. सात आठवड्यांनंतर जी तलफ येते ती निकोटिन संपलं म्हणून येत नाही, ती प्रसंगाने येते. ठरावीक माणूस, ठरावीक जागा, रिकामं पोट, अपुरी झोप. तो प्रसंग सापडला की पुढच्या वेळी त्या जागी दुसरं काहीतरी ठेवता येतं. आणि तलफ ही लाट असते, काही मिनिटांत उतरते, तुम्ही ओढा नाहीतर नका ओढू. मी घड्याळ समोर ठेवून बसायचो. पाच मिनिटांच्या पुढे ती फारशी कधी टिकली नाही, पण ती पाच मिनिटं काय असतात ते ज्याने काढलीत त्यालाच ठाऊक, म्हणजे तुला.

त्याच्या निकोटिनच्या गमचं बघ एकदा. मागच्या वेळी आलो होतो तेव्हा मी पाहिलं, तो साध्या च्युइंगगमसारखा भराभर चावत होता आणि मग उचक्या लागतात, मळमळतं म्हणून टाकून देत होता. तसा चावला की निकोटिन बरंचसं पोटात जातं. दोन-चारदा हळू चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की परत चावायचा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत कॉफी किंवा ज्यूस नाही, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. तो उठल्या उठल्या पहिली ओढणारा आहे, अर्ध्या तासाच्या आत, त्याला २ मिलिग्रॅमचा पुरत नाही, ४चा लागतो. आणि नुसत्या गमपेक्षा अंगावर निकोटिनचा पॅच आणि वर गम असं दोन्ही मिळून जास्त चालतं, पॅच दिवसभर थोडं थोडं देत राहतो, अचानक उसळी आली की गम. हे त्याने डॉक्टरांना विचारून करावं, गोळ्याही आहेत, त्याबद्दलही त्यांनाच विचारावं. नुसत्या मनाच्या जोरावर, कशाचीच मदत न घेता सोडणाऱ्यांमधले शंभरात जेमतेम तीन ते पाच सहा महिने ते वर्षभर टिकतात. तो कमकुवत नाहीये मनू, त्याला एकट्याने करायला लावलं आपण.

आणि कॉफी. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफिन भराभर संपवतं, सोडली की तीच कॉफी अंगात कितीतरी जास्त वेळ राहते. तुम्हाला वाटतं सिगरेट नाही म्हणून छातीत धडधडतंय, झोप येत नाहीये, आणि त्यातलं काही कॉफीमुळे असतं. त्याला अर्धी करायला सांग, संध्याकाळची बंदच.

बघ, लेक्चर झालं. तू म्हणशील बाबा परत सुरू झाले. तुला हे सगळं माहिती असेल, तू तुझं तू सोडलंस, मला तर तीन महिने झाल्यावर कळलं. त्या दिवशी तू सहज बोलल्यासारखं सांगितलंस आणि मी नुसतं "बरं" म्हणालो आणि आत जाऊन रडलो हे आईने तुला सांगितलंय का माहिती नाही. अभिमान वाटला होता आणि लाजही वाटली होती, कारण तू ओढायला कोणाकडून शिकलीस हे मला न सांगता कळत होतं. एक वर्ष झालं की हृदयविकाराचा वाढलेला धोका ओढणाऱ्याच्या साधारण निम्म्यावर येतो. तुझं वर्ष झालं त्या दिवशी मी एकटाच लांब फिरायला गेलो होतो.

म्हणून ते बाल्कनीचं डोक्यातून जात नाहीये. एकदाच बोलणार होतो, पण आता सांगतोच तुला, हे मी कोणालाच पूर्ण सांगितलेलं नाही.

१९९८ साली मी सोडली होती, तू सात वर्षांची होतीस. कॅलेंडरवर रोज रात्री तू चांदणी चिकटवायचीस, आठवतंय? झोपायच्या आधी यायचीस, "बाबा, आज?" मी मान हलवली की चांदणी. अकरा महिने. डिसेंबरमध्ये अण्णाकाका आला होता, त्याचं ते सगळं प्रकरण चालू होतं तेव्हा. आम्ही दोघं गच्चीवर उभे. तो ओढत होता, मी नुसता शेजारी. मला खरंच ओढायची नव्हती. मग त्याला फोन आला म्हणून खालून हाक आली आणि त्याने जाताना हातातली माझ्याकडे दिली, "धर जरा." मी धरली. तो लवकर आला नाही. राख वाढत गेली, बोटभर झाली, खाली वाकायला लागली. मी ती झटकली. मग ती विझेल असं वाटलं. विझू नये म्हणून एक झुरका मारला, फक्त विझू नये म्हणून, अण्णा आला की त्याला परत द्यायची होती. झुरका मारल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं असं म्हणतात. मला ते मोजायचीही गरज पडली नाही, खांदे आपोआप खाली आले, अकरा महिने मी ते खांदे वर धरून ठेवले होते हे मला तेव्हाच कळलं. अण्णा वर आला तेव्हा माझ्या हातात थोटूक होतं. तो काहीच बोलला नाही, दुसरी पेटवली आणि पाकीट पुढे केलं.

त्या रात्री तू आलीस, "बाबा, आज?" आणि मी मान हलवली.

एकोणीस दिवस मी मान हलवत राहिलो. तू चांदण्या लावत राहिलीस. विसाव्या दिवशी तू गळ्यात पडलीस, माझ्या कॉलरला नाक लावलंस, आणि मागे सरकलीस. मला वाटलं आता रडेल, आईला सांगेल. तू गेलीस, चांदण्यांचा उरलेला कागद आणलास, माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस "हा तुझ्याकडे ठेव, लागतील तेव्हा मला दे." आणि झोपायला गेलीस. लावलेली एकही चांदणी काढली नाहीस, खोट्या एकोणीससुद्धा नाहीत.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. कपाटात, पासपोर्टच्या पाकिटात.

त्यानंतर मी साडेपाच वर्षं ओढली. २००४मध्ये ब्रिटिश डॉक्टरांवरचा तो पन्नास वर्षांचा अभ्यास छापून आला, डॉल यांचा, १९५१ला सुरू झालेला. त्यात होतं की आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी जातात, आणि तिसाव्या वर्षी सोडली तर जवळजवळ ती सगळी दहा वर्षं परत मिळतात, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, साठाव्या वर्षी तीन. मी शेहेचाळीस वर्षांचा होतो. फ्रिजवर ते आकडे लिहून लावले होते मी, आईला वाटलं कसला हिशोब आहे. निखिल आज सदतीसचा आहे. त्याचे जवळजवळ सगळेच्या सगळे वाचतात अजून. हे त्याला आत्ता सांगू नकोस, आत्ता आकडे दिले तर तो अजून एक ओढेल. पुढची तारीख ठरवेल तेव्हा सांग. आणि तारीख त्यालाच ठरवू दे, पण लवकरची, दहा-पंधरा दिवसांच्या आतली.

मला हे म्हणायचं नाहीये की तू त्याला एकटं सोड. अजिबात नाही. सोबत हवीच असते, माझ्याजवळ तेव्हा कोणी बसलं असतं तर, जाऊ दे. त्याच्याबरोबर चाल, रात्री कितीही वाजता चाल. त्याच्यावर ओरडायचंच असेल तर मला फोन करून माझ्यावर ओरड. पण पेटलेली असताना नाही. तो पेटवेल तेव्हा तू आत ये, न रागावता, न दार आपटता, त्याला सांगून ये की झाली की आत ये, मी जागी आहे. त्याला ते समजेल. तो तुझा भाऊ आहे, तुला परत ओढताना बघितलं तर तो स्वतःला कधी माफ करणार नाही, अण्णाने तरी कुठे केलं शेवटपर्यंत. शेवटच्या आजारपणात मशीनची नळी लावलेली असताना मला म्हणाला होता, "मी धर म्हणायला नको होतं." मी म्हटलं, मी उभं राहायला नको होतं.

तुला वाटत असेल मी तुझ्यावर विश्वास ठेवत नाही. ठेवतो गं. माझा विश्वास त्या मिनिटावर नाही. चौदा महिन्यांनंतर माणसाला तलफ येतच नाही असं वाटायला लागतं आणि बऱ्याचदा खरंच येत नाही, आणि म्हणूनच हात पुढे जातो तेव्हा तो आपला आहे हे कळत नाही. मला एकवीस वर्षं झाली. अजूनही कोणी जवळ पेटवली की मी जागा बदलतो. कोणी विचारलं तर सांगतो, न लाजता.

आणि समजा, समजा कधी झालंच तुझ्याकडून, तर मला त्याच रात्री फोन कर. कितीही वाजले असले तरी. मी "का" विचारणार नाही. सकाळपासून काय काय झालं ते विचारेन आणि ऐकत बसेन. एकोणीस दिवस मान हलवू नकोस माझ्यासारखी, तेवढंच.

निखिलला मी पत्र लिहिलंय हे सांगू नकोस, त्याला वाटेल आपण त्याच्यावर मीटिंग घेतोय. मी त्याला रविवारी फोन करेन आणि सिगरेटचा विषयसुद्धा काढणार नाही. त्याने काढला तर त्याला सांगेन की सात आठवडे माझ्या पहिल्या खेपेपेक्षा पाच आठवडे जास्त आहेत, तेव्हा मला दोनच जमले होते.

आई म्हणतेय तुझा खोकला कसा आहे ते विचार. आणि त्याच्यासाठी जागायला लागलं की दुसऱ्या दिवशी दुपारी थोडी झोप, तू दमलेली असतेस तेव्हा तुझं कुणी बघत नाही तिथे.

बाल्कनीचं दार नीट लागत नाही म्हणाली होतीस ना, कडी सैल झालीये. मी येतो पुढच्या आठवड्यात, स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो. तोपर्यंत खुर्ची लाव आतून.

तुझा,
बाबा