ड्रम लावला म्हणून एलएमजी होत नाही

बर्मिंगहॅम

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

एअरसॉफ्टच्या, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारायच्या खेळाच्या, ज्या दोन बंदुकांपैकी खरी एलएमजी (लाइट मशीनगन) कोणती असं विचारलंस, त्यांचे दोन्ही फोटो नीट पाहिले. पहिली एलएमजी नाहीच. सरळ एम४ रायफल आहे, खाली गोल ड्रम मॅगझिन आणि पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू) चढवलाय. ती घेऊ नकोस.

दुसरी एम२४९, ती एलएमजी. तिची ओळख वरच्या फीड कव्हरमध्ये (गोळ्या आत घेणार्‍या भागाच्या झाकणात) आहे. मागची पकड दाबली की ते पुढच्या बिजागरीवर उघडतं, कारण मूळ शस्त्रात गोळ्यांचा पट्टा तिथे बसतो. कॅरी हँडल बॅरलवरच आहे, कारण तापलेली बॅरल ते धरूनच काढायची असते. असॉल्ट रायफल ३० गोळ्यांच्या मॅगझिनवर चालते, आणि तिची बॅरल लढता लढता बदलायची सोय नसते.

घोळ होतो तो आरपीकेपाशी. ती एकेएमचीच (एके-४७ च्या घराण्यातल्या रायफलचीच) बहीण: बॅरल ५९० मिमी, रिसीव्हरचा पत्रा १ ऐवजी १.५ मिमी, मॅगझिन ४० चं किंवा ड्रम ७५ चा. बॅरल मात्र पक्की. तरी ती मशीनगनच. पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेच्या इन्सास बंदुकांमध्येही हेच दिसतं. रायफलला २० चं मॅगझिन आणि तीन गोळ्यांचा बर्स्ट, तिच्याच एलएमजीला ३० चं मॅगझिन आणि पूर्ण ऑटो (ट्रिगर दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात). म्हणजे तोंडावळा सारखा असला तरी काम वेगळं.

एअरसॉफ्टमध्ये तर एके आणि आरपीके दोन्हींत बहुधा व्हर्जन ३ चाच गिअरबॉक्स (छर्रा मारणारी आतली यंत्रणा) असतो. त्यामुळे निवाडा मैदानाचा. रायफलींना फक्त सेमी (एका दाबाला एक छर्रा) आणि एलएमजीसारख्या सपोर्ट गनला ऑटो, असा नियम असेल तिथे मार्शलला, म्हणजे मैदानावरच्या पंचाला, मॉडेलचं नाव सांगून आधीच विचार. जास्त ताकदीची आशा धरू नकोस: ब्रिटनच्या कायद्यात ऑटोला १.३ जूलची मर्यादा आहे, एलएमजीलाही तीच. ०.२० ग्रॅमच्या छर्‍याने ते सुमारे ३७४ एफपीएस (फूट प्रति सेकंद) होतं. बरीच मैदानं ३५०लाच, म्हणजे १.१४ जूलला, थांबवतात.

खरा त्रास बॉक्स मॅगझिन, म्हणजे एलएमजीखालचा छर्‍यांचा डबा, देतं. डब्यातली मोटर छर्रे नळीतून वर ढकलते. तिची बॅटरी उतरली किंवा नळीला पीळ पडला की बंदूक धडधडते, पण बाहेर काहीच पडत नाही. लोक मग उगाच गिअरबॉक्स उघडत बसतात. आधी नळी सरळ कर, तुटक्या छर्‍याचा तुकडा अडकलाय का बघ. वाइंडिंगचं (ती मोटर चालवणारं) बटण मोटरचा आवाज जड होईपर्यंतच दाब. पुढे दाबत राहिलास तर छर्रे चिरडतात आणि डब्यातले गिअर झिजतात.

मूळ गिअरबॉक्सवर ७.४ व्होल्टची लायपो बॅटरीच लाव. ११.१ने वेग इतका वाढू शकतो की पिस्टन पुढे पोचायच्या आत सेक्टर गिअर (पिस्टन मागे ओढणारा) त्याला पुन्हा पकडतो आणि दात सोलून निघतात. मॉस्फेट (ट्रिगरऐवजी विजेचा भार घेणारा स्विच) बसवून घे, नाहीतर लांब बर्स्टमध्ये ट्रिगरचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. दर बर्स्ट तीन-चार सेकंदांचा ठेव, ग्रिपमध्ये मोटर गरम लागली की थांब.

विकणार्‍याकडे फीड कव्हर उघडून आतला फोटो माग. तो आला की मला पाठव.

तुझा,
सुहास

ता. क. चाचणीला ०.२५ ग्रॅमचे छर्रे वापरणार असशील तर वेग नव्हे, जूल मोज.